रस्त्यावर चालणारी जुनी अमेरिकन गाडी विकताना

माझ्या १९६८ च्या शेव्हरोले कॅमारोच्या पावत्यांची बेरीज जवळपास ६८,००० डॉलर होती आणि गाडी ५१,००० डॉलरला गेली. हे आकडे सांगितले की ऐकणारा हळहळतो. मला स्वतःला मात्र हा व्यवहार योग्य वाटतो. बदल केलेल्या जुन्या गाडीच्या बाबतीत मालकाने किती खर्च केला याच्याशी गिऱ्हाइकाला काही देणेघेणे नसते. रंगकामात गेलेले महिने, दोनदा बदललेला एक्झॉस्ट, आवडीपोटी घेतलेली चाके यांपैकी बरेच काही मी स्वतःच्या हौसेसाठी केले होते आणि त्या हौसेचे पैसे दुसऱ्याने परत करावेत अशी अपेक्षा धरण्यात अर्थ नाही. (अमेरिकेचे प्राप्तिकर खातेही याबाबत निर्विकार आहे. वैयक्तिक वापराची गाडी नफ्यात विकली तर नफ्यावर कर लागतो, तोट्यात विकली तर वजावट मिळत नाही.) गिऱ्हाईक पैसे मोजते ते गाडी आज कशी चालते आणि तिच्यात काय केले आहे याचा पुरावा किती चोख आहे, या दोन गोष्टींसाठी. विक्रीच्या काळात मी घेतलेला प्रत्येक निर्णय याच विचारावर आधारलेला होता.

गाडीबद्दल थोडे सांगणे आवश्यक आहे. लॉस एंजेलिसजवळच्या व्हॅन नाइस कारखान्यात तयार झालेली ही साधी कूपे होती: ३२७ घनइंचांचे व्ही-८ इंजिन, दोनच गतींचा पॉवरग्लाइड स्वयंचलित गिअरबॉक्स, चारही चाकांना ड्रम ब्रेक आणि मागे एकेरी पाट्याच्या स्प्रिंगा. आता तिच्यात ३५० घनइंचांचे क्रेट इंजिन (पूर्ण जोडणी करून पेटीतून विकले जाणारे तयार इंजिन), कार्ब्युरेटरच्या जागी थ्रॉटल बॉडी पद्धतीचे इंधन इंजेक्शन, ओव्हरड्राइव्ह (इंजिनाच्या फेऱ्या कमी ठेवणारी शेवटची गती) असलेला पाच गतींचा हाताने चालवायचा गिअरबॉक्स, पुढे डिस्क ब्रेक, मागे अनेक पाट्यांच्या स्प्रिंगा, तीन बिंदूंचे सीटबेल्ट आणि नव्या वायूवर चालणारे एअर कंडिशनर आहे. अशा गाडीला तिकडे रिस्टोमॉड म्हणतात. बाहेरून ती १९६८ चीच दिसते. चालवायला मात्र आजच्या रस्त्यावर नेता येते.

जुन्या अमेरिकन गाड्यांचे खरेदीदार ढोबळमानाने दोन प्रकारचे असतात आणि दोघांना एकच जाहिरात चालत नाही. एकाला कारखान्यातून निघालेली गाडी जशीच्या तशी हवी असते. इंजिनाचा क्रमांक, गिअरबॉक्सचा क्रमांक, तारखांचे ठसे हे सगळे गाडीच्या जन्माशी जुळले पाहिजे. दुसऱ्याला ती शनिवारी बाहेर काढून शंभर मैल चालवायची असते. माझी गाडी पहिल्याच्या उपयोगाची नव्हती, आणि हे जाहिरातीच्या दुसऱ्याच वाक्यात स्पष्ट लिहिले. तरीही मूळ इंजिन आहे का, असे विचारणारे पुष्कळ जण भेटले. त्यांना नाही म्हणून सांगितले की संभाषण तिथेच संपत असे, आणि त्यात दोघांचाही वेळ वाचत असे.

याहून नाजूक प्रश्न एसएस बिल्ल्याचा होता. एसएस म्हणजे सुपर स्पोर्ट, कॅमारोची अधिक ताकदीची आवृत्ती. माझ्या आधीच्या मालकाने पुढच्या जाळीवर एसएस अक्षरे बसवली होती आणि ती दिसायला सुंदर होती. परंतु त्या काळच्या कॅमारोच्या ओळखक्रमांकातून गाडी एसएस होती की नाही हे कळतच नाही. क्रमांकाची सुरुवात १२४३७८ अशी असली तर पहिला १ शेव्हरोलेचा, २४ म्हणजे व्ही-८ इंजिनाची कॅमारो, ३७ म्हणजे कूपे आणि ८ म्हणजे १९६८ चे मॉडेल, पुढचे अक्षर कारखान्याचे, एल व्हॅन नाइससाठी आणि एन ओहायोतल्या नॉरवुडसाठी, त्यानंतर अनुक्रमांक. इंजिन व्ही-८ आहे एवढेच यातून समजते. एसएस किंवा झेड-२८ (कॅमारोची आणखी एक वेगवान आवृत्ती) सिद्ध करायची तर कारखान्याचे मूळ कागद लागतात, आणि ते हाती नसताना बिल्ला लावून गाडी विकणे म्हणजे शब्दही न उच्चारता खोटे बोलणे होय. छायाचित्रे काढण्यापूर्वी मी तो बिल्ला उतरवून साधी जाळी बसवली. बाजारात नुसते बिल्ले लावून एसएस बनवलेल्या कॅमारो इतक्या आहेत की जाणकार माणूस एसएस दिसली की आधी संशयच घेतो. साध्या जाळीने त्याचा तो संशय आपोआप दूर होतो.

रस्त्यावर चालवण्यासाठी बांधलेली गाडी, असा दावा सगळेच विक्रेते करतात. तो पारखायचा कसा, हा या विषयाचा खरा गाभा आहे. पहिली परीक्षा महामार्गावरच्या इंजिनाच्या फेऱ्यांची. माझ्या मागच्या धुऱ्याचे गुणोत्तर ३.७३ आहे, म्हणजे चाकाच्या एका फेरीसाठी गिअरबॉक्समधून येणारा दांडा ३.७३ वेळा फिरतो, आणि टायरचा व्यास २६ इंच. शेवटची गती थेट असेल, म्हणजे गिअरबॉक्सचे गुणोत्तर १ असेल, तर ताशी ६५ मैलांना इंजिन मिनिटाला सुमारे ३,१०० फेऱ्या मारते. तासाभरात कान किटतात आणि पेट्रोलचा काटाही वेगाने उतरतो. पाचव्या गतीचे ०.६८ गुणोत्तर लावले की हाच आकडा सुमारे २,१०० वर येतो आणि शेजारी बसलेल्या माणसाशी आवाज न चढवता बोलता येते. सिग्नलवरून जोरात सुटण्यासाठी ४.१० चे गुणोत्तर बसवून तीन गतींचा जुना गिअरबॉक्स तसाच ठेवणारे लोक गाडी थरारक बनवतात यात शंका नाही, पण लांबच्या प्रवासाला ती निरुपयोगी होते.

दुसरी परीक्षा कॅमशाफ्टची, म्हणजे इंजिनाच्या झडपा उघडणाऱ्या दांड्याची. उभ्या गाडीचे इंजिन अडखळत, गुरगुरत चालले की ऐकणारे खूश होतात, आणि विक्रीच्या चित्रफितींत तर या आवाजाखेरीज दुसरे काही नसतेच. पण असा आवाज देणारा उग्र कॅम बसवला की कमी फेऱ्यांना इनटेकमधील (इंजिनात हवा घेणाऱ्या मार्गातील) निर्वात कमी पडतो आणि पायाचा जोर वाढवणारा पॉवर ब्रेकचा बूस्टर त्याच निर्वातावर चालत असल्यामुळे गर्दीत सावकाश चालताना पेडल दगडासारखे घट्ट लागते. माझ्या इंजिनात सौम्य कॅम आहे. चित्रफितीत त्याचा आवाज कोणाला भुरळ पाडणार नाही, हे मान्य. ब्रेक मात्र प्रत्येक वेळी सारखाच लागतो.

तिसरी परीक्षा उष्णतेची, आणि माझ्या मते हीच सर्वांत कठीण. भर उन्हाळ्यात एअर कंडिशनर चालू ठेवून गाडी वाहतुकीत वीस मिनिटे उभी केली तरी तापमानाचा काटा स्थिर राहिला पाहिजे. नुसता मोठा रेडिएटर बसवून हे साधत नाही. पंख्याभोवती नीट बसणारे आवरण नसेल तर हवा रेडिएटरमधून खेचली जाण्याऐवजी बाजूने निसटते. तापलेले इंजिन बंद करून दहा मिनिटांनी पुन्हा सुरू करून पाहणे हाही त्याच परीक्षेचा भाग आहे. इंधनाचे जुने रबरी पाइप बदलले आहेत का, हेही विचारावे, कारण अमेरिकेतील बहुतेक पेट्रोलमध्ये दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि ते पाइप त्यासाठी बनवलेले नव्हते.

अश्वशक्तीचा आकडा मी जाहिरातीत जाणीवपूर्वक शेवटी ठेवला. १९७२ च्या मॉडेलांपूर्वी अमेरिकन कंपन्या अश्वशक्ती ग्रॉस पद्धतीने सांगत. म्हणजे एक्झॉस्ट आणि इतर जोडण्यांचा भार नसलेल्या, चाचणीच्या चौकटीवर बसवलेल्या इंजिनाचा तो आकडा असे. मूळ ३२७ चे २१० अश्वशक्ती हे त्याच हिशेबातले. चाकांवर मोजलेला आकडा याहून वेगळा आणि नेहमी कमीच असतो. कोणता आकडा कुठे मोजला हे न सांगता तुलना करणाऱ्या जाहिरातींवर माझा विश्वास बसत नाही.

पत्र्याचे काम चालू असतानाची छायाचित्रे जपून ठेवली होती, आणि विक्रीत त्यांचाच सर्वाधिक उपयोग झाला. या कॅमारो पुढच्या काचेखालच्या पट्टीत, पायाखालच्या पत्र्यात, डिकीच्या तळाशी आणि मागच्या चाकांभोवती गंजतात. वरचा रंग चकचकीत असला तरी खाली नवा पत्रा जोडला आहे की पुट्टीचा थर चढवला आहे हे डोळ्यांना कळत नाही. म्हणून कापलेला जुना पत्रा, नवा पत्रा बसवताना आणि वेल्डिंग पूर्ण झाल्यावर अशा क्रमाने छायाचित्रे लावली, सोबत प्रत्येक भागाच्या पावत्या आणि वायरिंगचा हाताने काढलेला आराखडा ठेवला. हा आराखडा पाहून एका निवृत्त मेकॅनिकने किंमत विचारण्यापूर्वीच गाडी घेण्याचे जवळपास नक्की केले. पुढचा मालक गाडी दुरुस्त कशी करणार, हा प्रश्न त्याला पडला होता आणि उत्तर त्याच्या हातात होते. मूळ पॉवरग्लाइड आणि ड्रम ब्रेकही मी गाडीसोबत दिले. कोणाला कधी मागे जायचे असेल तर वाट मोकळी राहावी.

लिलावाचा विचार केला होता. ॲरिझोनातील स्कॉट्सडेल येथे जानेवारीत भरणारा बॅरेट-जॅक्सनचा लिलाव सर्वांना परिचित आहे. तिथे बहुतेक गाड्या किमान किमतीची अट न ठेवता विकल्या जातात, त्यामुळे दिवस वाईट निघाला तर भाव पडलेलाच स्वीकारावा लागतो. शिवाय वाहतूक आणि कमिशन वेगळे. माझा मुख्य आक्षेप दुसराच होता. अशा लिलावात घेणारा गाडी चालवून पाहत नाही, आणि माझ्या गाडीचे सगळे मोल चालवण्यातच होते. म्हणून थेट विक्री केली.

चालवून पाहण्याचे नियम मी आधीच ठरवले. आधी परवाना पाहायचा, मग मी चालवणार आणि गिऱ्हाईक शेजारी बसणार, त्यानंतर जागा बदलायच्या. जुन्या गाड्यांच्या विम्यात गाडी कोणी आणि कशासाठी चालवावी यावर अटी असतात, म्हणून विमा कंपनीला अगोदर विचारून घेतले. गाडी थंड असतानाच गिऱ्हाइकाने यावे असाही आग्रह धरला, कारण आधीच गरम करून ठेवलेल्या इंजिनाविषयी शंका घेणे त्याच्या हिताचे असते.

कागदपत्रांचे काम कॅलिफोर्नियात तसे सोपे आहे. १९७५ आणि त्यापूर्वीच्या पेट्रोल गाड्यांना प्रदूषण चाचणीतून सूट असल्याने तो दाखला लागला नाही. मालकीच्या दाखल्यावरचा क्रमांक आणि डॅशबोर्डवर काचेतून दिसणाऱ्या पट्टीवरचा क्रमांक मात्र अक्षर न् अक्षर ताडून पाहिला. पन्नास वर्षांत अनेकदा टंकलेल्या दाखल्यांत एखादा अंक चुकलेला असतो, आणि तो विक्रीच्या दिवशी सापडला तर व्यवहार अडकतो. पैशांसाठी आम्ही खरेदीदाराच्या बँकेत भेटलो आणि धनादेश खिडकीवर माझ्या समोर तयार झाला. बनावट बँक धनादेश इतके हुबेहूब असतात की गाडीच्या बॉनेटवर ठेवून घेतलेल्या कागदावर मी विसंबलो नसतो. गाडी आहे त्या स्थितीत विकली असे लिहिलेल्या विक्रीपत्रावर दोघांनी सही केली. मालकी हस्तांतरित केल्याची आणि जबाबदारीतून मोकळे झाल्याची नोंद वाहन विभागाकडे पाच दिवसांच्या आत करावी लागते. ती मी त्याच संध्याकाळी ऑनलाइन केली, कारण नंबरप्लेट गाडीसोबतच जाते आणि ही नोंद नसेल तर नव्या मालकाचे टोल आणि पार्किंगचे दंड जुन्या मालकाच्या पत्त्यावर येऊ लागतात. विमा मी दुसऱ्या दिवशी, नोंदीची पावती छापून घेतल्यानंतर रद्द केला.