पाहुण्याला बोलू देणारी मुलाखत

आज निपाणीहून बेळगावला येताना बसमध्ये अमेरिकेतल्या फिलाडेल्फियाच्या सार्वजनिक रेडिओवरचा 'फ्रेश एअर' हा मुलाखतींचा कार्यक्रम ऐकला. टेरी ग्रोस १९७५ पासून हा कार्यक्रम करतात. पाहुणा बहुतेक वेळा दुसऱ्याच शहरातल्या स्टुडिओत, तरी बोलणं किती जवळचं! प्रश्न फार खासगी वाटला तर मला थांबवा, असं ग्रोस पाहुण्याला आधीच सांगतात. राजकारण्यांना मात्र ही सवलत नाही. हे मला मनापासून पटलं.

आमच्या घरी आकाशवाणीचं सांगली केंद्र लागायचं आणि धारवाडही. सांगली १९६३ चं, धारवाड १९५० चं. मराठी-कन्नड दोन्ही कानावर पडतच वाढलो आम्ही.

सीमाप्रश्नावर आपण १९५६ पासून बोलतोय, पण बहुतेक घोषणांत. मला निवांत तासभर ऐकायचंय: खानापूरकडची मराठी शाळेतली बाई आणि तिची कन्नड शेजारीण. सातबारा कन्नडमध्ये हातात पडतो तेव्हा म्हातारी आजी तो कुणाकडून वाचून घेते, हे कुणीतरी शांतपणे विचारावं. नेत्यानं उत्तर टाळलं की तोच प्रश्न पुन्हा विचारावा, दोन्हीकडच्या नेत्यांना.

सांगली आणि धारवाडनं मिळून अशी मालिका करावी. दोन्ही केंद्रांना आज रात्री पत्र लिहितेय. तुम्हीही लिहा.