ग्रिट्स म्हणजे मक्याच्या कण्या

१० जुलै हा बहामाचा स्वातंत्र्यदिन. १९७३ साली याच तारखेला देश स्वतंत्र झाला. राजधानी नासाऊमधल्या एका हॉटेलच्या स्वयंपाकघरात मी नवा होतो आणि त्या सकाळी सव्वाशे माणसं न्याहारीला यायची होती. कांदा-बटाटा घालून उकडलेला ग्रूपर मासा, जॉनीकेक नावाचा तिथला गोडसर पाव आणि पिवळे ग्रिट्स असा बेत. ग्रिट्स माझ्याकडे.

मक्याची भरडच ती, रव्यासारखी शिजेल, असं धरून मी उकळत्या दूध-पाण्यात पाच किलो ओतली. आच मोठी. दहा मिनिटांत गाठी, तळाला करपलेलं, आणि तो वास सगळ्या पातेल्यात. साडेपाच वाजले होते. सातला लोक येणार. माझे हात गार पडले.

शेजारी मासा बघत होत्या त्या साठीच्या बाई तिथल्याच. एक शब्द न बोलता त्यांनी नवं पातेलं चढवलं. भरड आधी गार पाण्यात भिजवली, वर तरंगलेला कोंडा निथळून टाकला, मग मिठाच्या उकळत्या पाण्यात ती थोडी थोडी सोडली. कोरडी भरड एकदम उकळीत पडली की बाहेरून लगेच शिजते, आत कोरडीच राहते. गाठ होते ती तिथेच. पाणी सगळं मिळून एकास पाच. आच अगदी बारीक. "दूध आत्ता नाही," एवढंच म्हणाल्या आणि उलथनं माझ्या हातात दिलं.

तळापासून ढवळत राहिलो. अर्ध्या तासानं पातेलं रटरटायला लागलं आणि मला आमची चूल आठवली. ज्वारीच्या कण्या अशाच रटरटायच्या. आजीही कण्या धुऊन घ्यायची, कोंडा काढायची, ताक शेवटी. हे सगळं लहानपणापासून पाहिलेलं, आणि ऐन वेळी रवाच आठवावा, याचं फार वाईट वाटलं.

दाणा मऊ झाल्यावर लोणी आणि डब्यातलं आटीव दूध घातलं. पळीवरून सलग ओघळतील इतके दाट, तकतकीत ग्रिट्स जमले. पाहुणे माशाचा रस्सा त्यात कालवून, वर लिंबू पिळून जेवल्यासारखे जेवले.

पुढच्या सुट्टीला मी त्याच भरडीच्या ताकातल्या कण्या केल्या, लसणाची फोडणी दिली आणि बाईंना डबा नेला. दोन घास खाऊन त्यांनी विचारलं, "हे आंबट आधी घातलंस की शेवटी?"

"शेवटी," मी म्हणालो. त्यांनी डबा जवळ ओढला.