भाऊसाहेबांची टाकी: सायकल का अडली ते डाळीने सांगितलं

काल रात्री माशाच्या टाकीतल्या पाण्याची अमोनिया चाचणी केली आणि नळी पिवळी निघाली, म्हणजे अमोनिया शून्य. लख्ख पिवळी, हिरव्याचा लवलेशही नाही. एलईडीखाली 0 आणि 0.25 पीपीएम (लिटरमागे मिलीग्रॅम) मधला फरक धड कळत नाही, म्हणून आज सकाळी गॅलरीत दिवसाच्या उजेडात पुन्हा केली. पिवळीच! नायट्राइट अजून 0.5 वर आहे, पण तेही उतरतंय. थोडक्यात, अडलेली सायकल सुटली. सायकल म्हणजे माशाच्या घाणीतल्या अमोनियाचं जिवाणूंनी आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करण्याचं चक्र. आणि ती का अडली होती याचा छडा ना किटने लावला, ना दुकानदाराने. तो लागला सासूबाईंच्या कुकरमुळे.

आधीच्या नोंदी वाचलेल्यांना आठवत असेल, जूनअखेर सगळं सुरळीत चाललं होतं. 40 लिटरची टाकी, स्पंज फिल्टर, त्याला खेटून कोथरूडच्या मैत्रिणीने दिलेला, जिवाणूंनी भरलेला काळाकुट्ट जुना स्पंज, आणि आत भाच्याने बरणीतून आणलेले भाऊसाहेब. जातीने फायटर मासा, स्वभावाने निवृत्त तहसीलदार. अमोनिया 0.25 च्या वर जात नव्हता, नायट्राइट 1 पर्यंत चढून उतरणीला लागलं होतं, आणि मी पिग्मी कोरींचे (छोट्या माशांची एक जात) भाव विचारायला सुरुवातही केली होती.

जुलै लागला आणि अमोनिया चढायला लागला. 0.5, मग 1, मग 2. तीन दिवसांनी एकदा 30 टक्के पाणीबदल, खाणं मोजून चार दाणे, तरी 2. नायट्राइट मात्र ना वर, ना खाली.

त्याहून डोकं फिरवणारी गोष्ट म्हणजे भाऊसाहेब मजेत. 2 पीपीएमला माशाने धापा टाकायला हव्यात, कल्ले लाल व्हायला हवेत. हे गृहस्थ कोपऱ्यात बुडबुड्यांचं घरटं बांधत बसलेले. ‘फायटर हवेतून श्वास घेतो, त्याला सगळं चालतं’ हे दुकानातलं ज्ञान सोडून द्या. वरून हवा घेतली म्हणून कल्ल्यांना होणारी इजा टळत नाही. नायट्राइट तर रक्तात शिरून त्याची प्राणवायू वाहून न्यायची ताकदच मारतं. मग हवा कल्ल्यांतून घ्या नाहीतर वरून.

संशयितांची यादी लांब होती. किट बिघडलं म्हणावं तर आरओच्या पाण्यावर ते शून्य दाखवत होतं. नळाच्या पाण्यात अँटी-क्लोरीन टाकूनही अमोनिया शून्य, म्हणजे क्लोरामाइनचाही (क्लोरीन आणि अमोनियाचं संयुग) प्रश्न नाही. स्पंज धुतला तो कायम टाकीतून काढलेल्या पाण्यातच. वीज गेली की छोटा यूएसबी पंप पॉवर बँकेवर चालतो. राहता राहिली बाटली. ऑनलाइन मागवलेल्या त्या ‘जिवंत’ जिवाणूंनी काडीचाही फरक पडला नाही. लेबलवर मोठ्या अक्षरांत नायट्रोबॅक्टर. 1998 मध्ये होवानेक आणि सहकाऱ्यांनी दाखवून दिलं की गोड्या पाण्याच्या टाकीत नायट्राइट खाण्याचं काम प्रामुख्याने नायट्रोस्पिरा करतात, तरी माझ्या बाटलीवर नाव तेच. माझं मत विचाराल तर असल्या दहा बाटल्यांपेक्षा चालत्या टाकीतला एक मळका स्पंज भारी.

आता डाळ. गेल्या आठवड्यात जेवताना सासूबाई म्हणाल्या, “टँकर बंद झाले वाटतं गं. तुरीची डाळ तीन शिट्ट्यांत मऊसूत शिजतेय. मे महिन्यात सहा करूनही दाणा बोटाला लागायचा.”

जड पाण्यात डाळ लवकर शिजत नाही, म्हणजे पाणीच बदललं होतं. मी हात धुतले आणि थेट टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा) काढला.

बाणेरच्या आमच्या सोसायटीत उन्हाळ्यात अर्धंअधिक पाणी टँकरचं, म्हणजे बोअरवेल नाहीतर विहिरीचं. पाऊस जमला, धरणं भरायला लागली की टँकर बंद आणि नळाला निव्वळ महापालिकेचं पाणी. जूनमध्ये बादलीतल्या पाण्याचा टीडीएस माझ्या वहीत 410 लिहिलेला आहे. आता 70! नळ तोच, बादली तीच, पाणी मात्र वेगळंच.

माझ्या चाचण्यांच्या मास्टर किटमध्ये केएचची (पाण्यातल्या कार्बोनेटची, म्हणजे आम्ल पचवणाऱ्या क्षारतेची) बाटली येतच नाही, ती वेगळी घ्यावी लागते. सायकलसाठी सगळ्यांत कामाची चाचणी बाहेर आणि चाचणी-पट्ट्यांचे डबे मात्र दुकानात रचलेले, हे मला कधी कळलेलं नाही. असो. बाटली आणली. पाणी निळ्याचं पिवळं होईपर्यंत थेंब मोजायचे, एक थेंब म्हणजे एक डिग्री. 5 मिली ऐवजी 10 मिली पाणी घेतलं, म्हणजे एक थेंब अर्ध्या डिग्रीचा होतो. नळाचं पाणी दोन थेंबांत पिवळं, म्हणजे केएच 1. टाकीचं पाणी पहिल्याच थेंबाला पिवळं. निळा दिसलाच नाही. पीएच रंगपट्टीच्या तळाशी, 6.0. तळाशी म्हणजे 6.0 किंवा त्याहून कमी, कारण त्या द्रावणाला त्याखालचा रंगच नाही. जूनमध्ये हाच पीएच 7.6 होता.

मग सगळा हिशोब लागला. 1 मिलीग्रॅम अमोनिया-नायट्रोजनचं नायट्रेट होताना कॅल्शियम कार्बोनेटच्या मापाने सुमारे 7 मिलीग्रॅम क्षारता खर्च होते. केएच 1 म्हणजे लिटरमागे जेमतेम 18 मिलीग्रॅम. त्यात माझं लाकूड आणि बदामाची पानं आम्ल सोडतायत ते वेगळंच. साठा संपला, पीएच कोसळला आणि जिवाणूंनी काम जवळजवळ थांबवलं. ते मेले नव्हते. स्पंजमध्येच बसून होते.

भाऊसाहेबांच्या घरट्याचंही कोडं त्यातच सुटलं. किट एकूण अमोनिया मोजतं. विषारी मुक्त अमोनिया किती आणि निरुपद्रवी अमोनियम किती, ते पीएच आणि तापमान ठरवतं. 28 अंशांना पीएच 6 असेल तर मुक्त अमोनिया एकुणाच्या 0.1 टक्क्याहूनही कमी. पीएच 7.5 ला तो 2 टक्क्यांच्या वर जातो. म्हणजे ज्या आम्लाने सायकल अडवली, तेच माशाला वाचवत होतं.

खरी पंचाईत इथेच आहे, आणि यासाठीच एवढं लांबवतेय. केएच वाढवायचा तर खाण्याचा सोडा हाताशी आहे. 40 लिटरला 1 डिग्रीसाठी सुमारे 1.2 ग्रॅम. चमचाभर टाकला असता तर रात्रीत पीएच 7.5 च्या वर, आणि 2 पीपीएम एकूण अमोनियातून मुक्त अमोनिया 0.04 च्या आसपास. आपण सगळे 0.02 ला सावध होतो. सोडा बरोबर, पण भाऊसाहेब गेले, असं झालं असतं.

म्हणून आधी एकूण अमोनिया खाली आणला. निम्मं पाणी बदललं, दुसऱ्या दिवशी पुन्हा निम्मं, आकडा 0.5 वर. मग रोज संध्याकाळी सोडा अर्ध्या डिग्रीपुरताच, कपभर पाण्यात विरघळवून हळूहळू. सोन्याच्या वजनाचा काटा कामी आला, चमच्याने हे जमत नाही. केएच 2 ला पीएच 6.8 झाला आणि नायट्राइट आधी वर उसळलं, 0.5 वरून 1 वर. आयुष्यात नायट्राइट वाढलं म्हणून एवढा आनंद झाला नव्हता! कारखाना सुरू झाल्याची खूण ती. या नायट्राइटपासून भाऊसाहेबांना जपायला 2 ग्रॅम मीठ टाकलं. मिठातलं क्लोराइड नायट्राइटला कल्ल्यांतून आत शिरू देत नाही. दोन ग्रॅमच. दुकानदार सांगतात ती मूठभर ‘सेफ्टी’ची काही गरज नसते. शेवटी काय झालं ते तुम्हाला सुरुवातीला सांगितलंच आहे.

पुढचा बेत असा होता की पोपटाच्या पिंजऱ्यात लावतात तो समुद्रफेस फिल्टरमागे अडकवायचा. पक्ष्यांच्या दुकानात स्वस्तात मिळतो, आहे कॅल्शियम कार्बोनेटच, पाणी आम्लाकडे झुकलं की आपोआप विरघळतो. आणूनही ठेवलाय. पण वरचं टँकरचं लिहिताना डोक्यात आलं की आमच्या बागेला बोअरवेलचा वेगळा नळ आहे की! लिहिणं अर्धवट टाकून खाली गेले, वॉचमनकाकांकडून बाटली भरून घेतली.

केएच 14. नायट्रेट 20 च्या आसपास (नायट्रेट चाचणीची दुसरी बाटली अर्धा मिनिट जीव खाऊन हलवली होती, मला या आकड्यावर शंका घेऊ नका). म्हणजे एक भाग बोअरवेल आणि चार भाग नळ घेतलं तर केएच साडेतीनच्या वर, आणि नायट्रेट जेमतेम 4 ने वाढणार. सोडा नुसतं सोडियम देतो. इथे कॅल्शियम-मॅग्नेशियमही येतंय, गोगलगायींची शिंपलीही सुधारतील. समुद्रफेस आता हाताशी असू दे, बोअरवेलचा पंप बिघडला तर.

शुक्रवारच्या पाणीबदलाला पहिली 4:1 बादली. टाकीत 0.5 नायट्राइट असताना पीएचला धक्का नको म्हणून एकदम 20 टक्क्यांच्या वर जाणार नाही. बदामाची पानं काढली, लाकूड राहू देणार, भाऊसाहेबांची दुपारची झोप त्याच्याखाली असते. टाकीतल्या नायट्रेटचे आकडे मात्र नायट्राइट शून्य होईपर्यंत गंभीरपणे घेऊ नका. ती चाचणी नायट्रेटचं नायट्राइट करूनच मोजते, त्यामुळे आधीचं नायट्राइटही त्यात धरलं जातं.

कोरींचा विषय नायट्राइट शून्यावर टिकल्यावरच. आणि यापुढे प्रत्येक बादलीला टीडीएस मीटर. उन्हाळ्यात टँकर सुरू झाले की हे प्रमाण बदलावं लागेल, बहुतेक बोअरवेलचं पाणी मिसळणं पूर्ण बंद. बाणेर-बालेवाडीकडे कोणी नळाच्या केएचची वर्षभराची नोंद ठेवली असेल तर मला हवी आहे, विशेषतः फेब्रुवारी ते जूनची.