चाळीस रेघांचा सा

शनिवारी मित्राच्या घरी अठरा-वीस जणांसमोर पहिल्यांदा उजेड वाजवला. अँपचा आवाज वाढवला आणि काही वाजवायच्या आधीच खर्जात घूंऽऽ सुरू झालं. सगळ्यांना वाटलं, वायरिंगमध्ये घोळ आहे. मी भिंतीवरची जुनी चोकवाली ट्यूब बंद केली, घूं थांबलं. आपली वीज ५० सायकलची, त्यामुळे ती ट्यूब दर सायकलला दोनदा, म्हणजे सेकंदाला १०० वेळा उजळते-मंदावते. डोळ्यांना ते कळत नाही, पण स्पीकरला जोडलेल्या सोलर सेलला कळतं.

ही गोष्ट मला बाबांनी शिकवली. ते टॉकीजमध्ये ऑपरेटर होते. ३५ मिमीच्या फिल्मचा तुकडा खिडकीशी धरून त्यांनी चित्रांच्या कडेची नागमोडी पट्टी दाखवली होती. "गाणं इथं असतं." छोट्या दिव्याचा उजेड त्या पट्टीतून फोटोसेलवर पडतो. पट्टी रुंद-अरुंद होते तसा तो कमीजास्त होतो, आणि त्याचाच आवाज होतो.

मॉस्कोत येवगेनी मुर्झिन या इंजिनिअरने याच तत्त्वावर एएनएस नावाचं अख्खं वाद्य उभारलं. काळ्या लेपाच्या काचेवर ओरखडे काढायचे, त्यांतून उजेड जातो आणि स्वर उमटतात. १९७२च्या 'सोलारिस' या चित्रपटाचं संगीत करताना एदुआर्द आर्तेमेव यांनी ते वापरलं. डेरेक होल्झर हा कलाकार 'टोनव्हील्स' या प्रयोगात नक्षीच्या पारदर्शक चकत्या प्रेक्षकांसमोरच ओव्हरहेड प्रोजेक्टरवर फिरवतो. ते पाहिल्यावर मला राहवलं नाही.

पुण्यात पासोड्या विठोबापाशी मोटर आणि सेल घेतले. स्कूटरचा बल्ब बॅटरीवर लावला, म्हणजे त्याची स्वतःची गुणगुण नको. ओव्हरहेड प्रोजेक्टरच्या पारदर्शक शीटच्या चकतीवर तीन वर्तुळं छापली: ४०, ५० आणि ६० रेघांची. ती बल्ब आणि सेलच्या मध्ये मोटरवर फिरते. सेकंदाला पाच फेरे झाले की ४० रेघांतून २०० हर्ट्झचा सा, ६० मधून ३००चा पंचम, आणि मधल्या ५० मधून शुद्ध गंधार. मोटरचा वेग बदलला तरी तिघांचं नातं सुटत नाही. सगळे मिळून मींड घेत वर सरकतात! हे कागदावर ठाऊक होतं, तरी कानांनी ऐकलं तेव्हा अंगावर काटा आला.

मी वीसेक मिनिटं वाजवलं. बोटांनी एकेक वर्तुळ झाकायचं, मध्येच हाताची सावली हलवायची.

शेवटी पुढे बसलेले बाबा म्हणाले, "आता हळू कर." मोटर मंदावली तसे स्वर खाली घसरले. मग एकेक रेघ सुटी ऐकू येऊ लागली, टक्, टक्... टक्. चकती थांबली. सेलवर उजेड तसाच पडलेला होता, आणि स्पीकर गप्प.


बाबा उठून आले आणि त्यांनी दिव्यासमोर हलकेच बोट फिरवलं.