चोवीस? नको, राहू द्या

बोलोन्या, इटली. फेब्रुवारी. गुरुवार, रात्र.

तीसपैकी सत्तावीस. घेतले.

'घेतले' असं मुद्दाम लिहितेय. इथे तोंडी परीक्षा झाली की प्राध्यापक मार्कांचा आकडा सांगतात आणि तुमच्या तोंडाकडे बघत थांबतात. हो म्हटलं तर नोंद होते. नको म्हटलं तर पुढच्या तारखेला पुन्हा यायचं, आधीच्या आकड्याची कुठे खूण राहत नाही. पास व्हायला अठरा लागतात, पण अठरा घेऊन हसत बाहेर पडलेलं मी अजून कुणी पाहिलं नाही.

वेळ नऊची होती. म्हणजे सव्वानऊ. हा पाव तास इथे विद्यापीठाच्या हक्काचाच धरतात, त्यावर कुणी कुरकुरत नाही. सर आले, यादी वाचली, आणि दार उघडंच ठेवून परीक्षा सुरू. मागच्या बाकांवर बाकीचे वह्या मांडीवर घेऊन ऐकत बसलेले, काही जण तर फक्त प्रश्न टिपायला आलेले. सांगलीला वायव्हा म्हणजे बंद दार, आत एक्स्टर्नल, आणि बाहेर आलेल्याला घेराव घालून "काय विचारलं रे?" इथे त्याची गरजच नाही. पण आपण अडखळतोय हे मागचे पंधरा जण ऐकताहेत, याची सवय व्हायला मला पूर्ण एक सेमिस्टर लागलं.

माझा नंबर आला. पहिला प्रश्न नेहमीचा: "तुमच्या आवडीचा मुद्दा सांगा, तिथून सुरू करू." ऐकायला किती प्रेमळ! खरं तर त्या मुद्द्याचा तळ लागेपर्यंत ते खणत जातात. विषय पूरव्यवस्थापन, मग मी दुसरं काय सांगणार? कृष्णा. सांगलीच्या आयर्विन पुलाची धोक्याची पातळी ४५ फूट, २०१९ला पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, वरून कोयनेचा विसर्ग, खाली अलमट्टीच्या फुगवट्यावरून दोन राज्यांत जुंपलेली. सर पुढे सरकून बसले. म्हणाले, आता हेच सगळं राव्होनेला लावून दाखवा.

राव्होने हा इथला एक ओढा. एरवी चिमूटभर पाणी. शहरात शिरताना त्याला झाकून वर रस्ते आणि घरं केलीत. मे २०२३मध्ये तो साफ्फी रस्त्यावर फुटून वर आला आणि ऑक्टोबर २०२४मध्ये पुन्हा. तळघरं, दुकानं, गाड्या, सगळं चिखलात. मी सांगितलं की आमच्याकडे नदी पात्र सोडून घरात येते, कारण आम्ही तिच्या पात्रात घरं बांधलीत, आणि तुम्ही तर ओढाच घराखाली बांधलाय. मागून कुणीतरी हसलं. सरही हसले. मग तिसऱ्या प्रश्नात संभाव्यतेचं गणित आलं. तीन मार्क तिथेच राहिले असणार.

माझ्यानंतर माझी रूममेट. ती लेच्चेची, म्हणजे इटलीच्या पार टाचेकडची. बरी बोलली, मला तर छानच वाटली. सर म्हणाले, चोवीस. ती दोन सेकंद गप्प राहिली आणि म्हणाली, "नको, राहू द्या. धन्यवाद." सरांनी मान डोलावली, पुढचं नाव घेतलं. ना राग, ना उपदेश.

तिचा हिशोब सरळ आहे. पदवीचे मार्क ११०पैकी असतात आणि परीक्षांच्या सरासरीला तीनने भागून अकराने गुणलं की तुमची सुरुवात कुठून होणार ते कळतं. सरासरी चोवीस असेल तर अठ्ठ्याऐंशी. तिला शंभरच्या वरूनच सुरुवात हवी आहे.

घरी येताना झांबोनी रस्त्यावर एकाच्या डोक्यावर लॉरेलच्या झाडाच्या पानांचा हिरवा मुकुट, हातात बाटली, आणि भोवती मित्र ते नेहमीचं वाह्यात गाणं कोकलताहेत. पदवी मिळाली की हे होतंच. गाण्याचा अर्थ आईने विचारला होता, तेव्हा मी "अभिनंदन करतात" एवढंच सांगितलं. चारचौघांत उभं राहून बोलण्याची इथली खोड तशी जुनीच. विद्यापीठ स्वतःचा जन्म १०८८चा सांगतं. १७३२मध्ये लाउरा बास्सीने इथे ४९ सिद्धांत जाहीर सभेत मांडून त्यांचा बचाव केला, पदवी घेतली आणि त्याच वर्षी विद्यापीठात प्राध्यापक झाली. वय तेव्हा वीस. तिला मात्र आकडा नाकारायची सोय असेल असं वाटत नाही.

पाऊस होता, पण छत्री काढावी लागली नाही. या शहराचं हे एक बरं आहे, निम्मा प्रवास कमानींखालूनच होतो. बांगलादेशी काकांच्या दुकानात कोथिंबीर आणि मिरच्या घेतल्या. ते माझ्याशी हिंदीत बोलतात, मागच्या गिऱ्हाइकाशी इटालियनमध्ये आणि फोनवर बंगालीत, तिन्ही एकाच दमात.

तर, नकाराचं. दिवसभर तेच डोक्यात आहे. हक्क दोघींना एकच, पण तिच्या नकाराला लागते दीड महिन्याची मेहनत आणि माझ्या नकाराला काय काय लागेल, त्याची यादीच करावी लागेल. शिष्यवृत्तीला ठरलेल्या तारखेच्या आत क्रेडिट पुरे हवेत, नाहीतर पैसे परत मागतात. राहण्याच्या परवान्याच्या पहिल्या नूतनीकरणाला निदान एक परीक्षा पास लागते, नंतर वर्षाला दोन. दीड महिना जास्त राहिले तर खोलीचं भाडं कोण देणार, बाबा? इथे रखडत रखडत शिकणारे खूप भेटतात, त्यांच्यासाठी वेगळा शब्दसुद्धा आहे, आणि त्यात कुणाला लाज वाटत नाही. मला त्यांचं कौतुक वाटतं, थोडा हेवाही वाटतो. पण ही चैन याच देशात घर असणाऱ्यांना परवडते. आज बावीस मिळाले असते तरी मी घेतलेच असते, आणि हसून घेतले असते.

आईला फोनवर सगळं सांगितलं. सत्तावीस ऐकून आधी, "तीसातले ना? मग तीन कुठे गेले?" मग रूममेटचं सांगितलं. बराच वेळ तिला कळेचना.

"म्हणजे पास झाली होती?"

"हो."

"आणि नको म्हणाली? अगं, एटीकेटी लागू नये म्हणून तुझा दादा पंढरीची वारी बोलला होता!"

"इथे चालतं आई असं."

"चालत असेल. तिच्या आईला माहितीये का?"

विचारलं. रूममेट म्हणाली, नाही, आणि तू सांगूही नकोस. मग मी केलेले पोहे तिने दोनदा घेतले, वर चीज किसून. शिव शिव. पुढच्या तारखेसाठी तिने नाव नोंदवलंय. माझी पुढची परीक्षा सोमवारी आहे, भूजलाची, आणि तो मास्तर म्हणे आवडीचा मुद्दासुद्धा विचारत नाही.