कार्तिक पौर्णिमेला चाइत्तियोचा डोंगर पायी चढले त्याबद्दल

नागपूरच्या बौद्ध घरात वाढलं की बर्मा फार लांबचा वाटत नाही. १४ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांना दीक्षा देणारे भदंत चंद्रमणी मूळचे तिकडचेच, आराकानचे, आणि त्याआधी १९५४ मध्ये बाबासाहेब स्वतः रंगूनच्या जागतिक बौद्ध परिषदेला जाऊन आलेले, हे सगळं आम्ही लहानपणापासून ऐकत आलोय. तर २०१९ च्या नोव्हेंबरात तिथल्या चाइत्तियोला, म्हणजे कड्यावरच्या सोन्याने मढलेल्या शिळेच्या तीर्थाला जायचा योग आला आणि तोही नेमका तझाउंडाइंगच्या सणाला, म्हणजे साधारण आपली कार्तिक पौर्णिमा.

तिकडचे सण समजायला वर्षावास डोक्यात ठेवायचा, मग सगळं आपोआप जुळतं. आषाढ पौर्णिमेला म्हणजे त्यांच्या वाझोला भिक्खू विहारात बसतात, ते तीन महिने लोक लग्नंसुद्धा करत नाहीत, आणि अश्विन पौर्णिमेला थडिंजुतला वर्षावास सुटतो तेव्हा घरोघरी दिवे, कारण भगवंत आईला अभिधम्म सांगून तावतिंस देवलोकातून खाली उतरले ती ही रात्र. तिथून पुढे कार्तिक पौर्णिमेपर्यंतचा महिना चीवरदानाचा, म्हणजे भिक्खूंना वस्त्रं द्यायचा. आपल्या विहारात कठिन चीवरदान होतं तेच, फक्त तिकडे अख्खा देश त्यात असतो!

पौर्णिमेच्या आदल्या संध्याकाळी यांगूनला म्हणजे जुन्या रंगूनला, श्वेडगोनच्या मोठ्या स्तूपावर हातमागांची रांग लागली होती आणि मुली विणायला बसल्या होत्या. याला मथो थिंगान म्हणतात, एका रात्रीत विणून पूर्ण करायचं चीवर, शिळं होऊ द्यायचं नाही. सिद्धार्थ गृहत्याग करणार हे देवलोकातून त्याची आई महामायेने पाहिलं आणि रातोरात चीवर विणून पाठवलं अशी त्यामागची कथा. धोटे सटासट चालू, आजूबाजूला लोक ओरडून त्यांना जोर देतायत, मला तिथून हलावंसं वाटत नव्हतं पण किनपुनची रात्रीची बस होती.

किनपुन म्हणजे डोंगराच्या पायथ्याचं गाव, मोन राज्यात. सोबत यांगूनच्या एक ताई होत्या, घराणं मूळचं भारतीय त्यामुळे हिंदी छान बोलायच्या, आणि त्यांचा धाकटा भाऊ. सकाळी गावातून मिरवणूक चाललेली, पुढे पदेथाबिन म्हणजे बांबूचं झाड करून त्याला नोटा, टॉवेल, साबण, वह्या, छत्र्या असं काय काय टांगलेलं, ते सगळं विहाराला जाणार. ताईंनी माझ्या हातात नोट दिली, म्हणाल्या तुम्हीपण बांधा. बांधली. बाजूला मंडप टाकून येईल त्याला जेवायला वाढत होते, याला सतुदिथा म्हणतात, चारी दिशांनी येणाऱ्यांना अन्नदान, ओळख पाळख काही विचारत नाहीत, अगदी पंढरीच्या वाटेवर गावं वारकऱ्यांना हाताला धरून पंगतीला बसवतात तसं मलाही बसवलं.

वर जायला ट्रक आहेत, मागे आडव्या फळ्या टाकलेले, बहुतेक लोक त्यानेच जातात. आम्ही पायी निघालो. वाट साधारण ११ किलोमीटरची, सगळी चढण, बांबूचं जंगल, मध्येमध्ये चहाच्या टपऱ्या, बांबूच्या खेळण्यांची दुकानं. एका चढणीचं नावच म्हातारा जिथून परत फिरला ती चढण असं आहे, आणि तिथे आमच्यापुढे एक खरंच म्हाताऱ्या आजी नातवाचा खांदा धरून चालत होत्या, थांबायच्या, श्वास घ्यायच्या, परत चालायला लागायच्या. ट्रकचे पैसे होते त्यांच्याकडे. पायी जायचं ठरवलं होतं म्हणून पायी, एवढंच म्हणाल्या. मी पुढचा सगळा रस्ता त्यांच्याच चालीने चालले.

वर पोचलो तेव्हा ऊन उतरायला आलं होतं. साधारण ११०० मीटर उंची, कड्याच्या टोकावर सोन्याने मढलेला तो प्रचंड धोंडा, आत्ता घसरेल असा टेकलेला, आणि त्याच्यावर सुमारे ७ मीटरचा छोटा स्तूप. भगवंतांचा केशधातू एका तापसाने आपल्या जटेत जपून ठेवला होता, तो माझ्या डोक्याच्या आकाराच्या शिळेवरच ठेवा असं त्याने राजाला सांगितलं, मग सक्काच्या म्हणजे देवांच्या राजाच्या मदतीने समुद्राच्या तळातून ही शिळा आणली अशी कथा. ज्या नावेतून आणली तिचाही दगड झाला म्हणतात आणि तो जवळच दाखवतात.

आता एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. त्या शिळेपर्यंत बायकांना जाता येत नाही. पुरुष छोटा पूल ओलांडून हाताने सोन्याचा वर्ख लावतात, आम्ही अलीकडे थांबायचं. ताईंनी सवयीने आपला वर्ख भावाकडे दिला, माझाही मागितला. मी दिला, भावाने मनापासून लावला, पण मला ते अजिबात पटलं नाही. भगवंतांनी महाप्रजापती गौतमीला संघात घेतलं, आमच्या घरात आजीपासून सगळ्या बाया विहारात पुढे बसतात, आणि दिवसभर चढून आलेल्या त्या आजींनी लांबूनच हात जोडायचे? ताईंना हे बोलले तर त्या थोडा वेळ गप्प राहिल्या, मग म्हणाल्या माझी मुलगीपण हेच विचारते.

रात्री सगळे चौथऱ्यावरच चटया टाकून, गोधड्या पांघरून. थंडी चांगलीच होती. हजारो मेणबत्त्या लागलेल्या आणि कुठून ना कुठून पठण चालूच. ताईंनी मेझलीच्या कळ्यांची भाजी काढली, या पौर्णिमेच्या रात्री ती औषध म्हणून खातातच, कडवट लागते पण शेंगदाणे तीळ घातले की छान. मग आम्ही बायांनी मिळून त्रिसरण घेतलं, त्यांचं "बोद्दन थरणन गिस्सामि" आणि माझं "बुद्धं सरणं गच्छामि" एकाच सुरात चालू, आणि शेवटी सगळ्यांनी तीनदा थाडू थाडू थाडू म्हटलं तेव्हा मी साधू साधू साधू म्हटलं. शेजारच्या बाईंनी माझा हात धरला तो बराच वेळ सोडलाच नाही.

पहाटे लोकांनी भात, फळं, फुलं वाहिली. ताई आणि भाऊ ट्रकने उतरणार होते, आजीही नातवासोबत ट्रकनेच. मी मात्र परत पायीच उतरले, आणि खाली ताई मोहिंगाचा, म्हणजे तिकडच्या माशाच्या रश्श्यातल्या शेवयांचा बाऊल घेऊन माझी वाट बघत बसल्या होत्या.