तुम्ही विचारलंत म्हणून: बेस गिटारसाठी पिक कोणते?

बेस गिटार शिकू लागलेले विद्यार्थी मला हमखास विचारतात की, पिकने, म्हणजे तार छेडण्याच्या छोट्या पत्तीने, वाजवणे म्हणजे बोटांची मेहनत टाळणे नव्हे का. आणि वाजवायचेच असेल, तर पिक कोणते घ्यावे? पहिल्या शंकेला मी कॅरल के यांचे उदाहरण देतो. त्या मूळच्या गिटारवादक. १९६३ मध्ये लॉस एंजेलिसच्या एका स्टुडिओत ठरलेला बेसवादक आला नाही, म्हणून त्यांनी बेस हाती घेतली आणि पुढे त्या दशकातल्या असंख्य अमेरिकी ध्वनिमुद्रणांत ती पिकनेच वाजवली. त्यांचे वादन लक्षपूर्वक ऐकलेला माणूस पिकला पळवाट म्हणणार नाही.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर तारेपासून सुरू होते. नेहमीच्या संचात बेसची सर्वांत जाड तार ०.१०५ इंचाची, म्हणजे अडीच मिलिमीटरहून किंचित अधिक जाड असते. इलेक्ट्रिक गिटारची सर्वांत जाड तार साधारणपणे त्याच्या निम्मीही नसते. त्यामुळे गिटारचे अर्ध्या मिलिमीटरचे पातळ पिक या तारेवर आधी स्वतःच वाकते आणि मग सुटते. त्या वाकण्यात आघात लयीच्या किंचित मागे पडतो, शिवाय सुराआधी प्लास्टिकची टकटक ऐकू येते. सुरुवात १ मिलिमीटरच्या आसपासच्या पिकने करावी, असे माझे स्पष्ट मत आहे. आकार मोठा त्रिकोणी असल्यास उत्तम, कारण तो चिमटीत सहसा फिरत नाही आणि एक कोपरा झिजला की दुसरा वापरता येतो. टोकदार कोपऱ्याने आघात धारदार होतो, गोलसर कोपऱ्याने स्वर भरीव लागतो. नमद्याचे पिकही मिळते. त्याचा आवाज बोटांच्या जवळ जातो, पण ते लवकर झिजते.

तरीही पिकच्या निवडीपेक्षा उजव्या तळहाताला मी अधिक महत्त्व देतो. बोटाचे मऊ, रुंद टोक तारेतले वरचे उपस्वर, म्हणजे मूळ स्वरासोबत उमटणारे उंच स्वर, आपोआप दबवते. पिकचे अरुंद, कठीण टोक तेच उपस्वर मोकळे सोडते, आणि सगळ्या वाद्यांखाली जी घट्ट खर्जाची बैठक हवी असते, तिच्याऐवजी झणझणाट उरतो. यावर उपाय म्हणजे करंगळीकडची तळहाताची कड ब्रिजजवळ (वाद्याच्या अंगावर तारा जिथे टेकतात त्या भागाजवळ) तारांवर हलकेच टेकवणे. कड ब्रिजपासून जितकी पुढे सरकेल, तितका स्वर आखूड होतो. नेमकी जागा कानानेच शोधावी लागते. कॅरल के याच कामासाठी ब्रिजजवळ तारांवर नमद्याची पट्टी लावत असत. न वाजणाऱ्या तारा गुणगुणत राहू नयेत, यासाठी डाव्या हाताची मोकळी बोटेही त्यांवर अलगद टेकलेली असावीत.

पिक तर्जनीच्या कडेवर ठेवून वरून अंगठ्याने धरावे, टोक अगदी थोडेच बाहेर असू द्यावे आणि हालचाल मनगटातून करावी. तारेला ते सपाट लागले, तर आघात स्वच्छ येतो. तिरपे लागले, तर गुंडाळीच्या (वरून बारीक तार गुंडाळलेल्या) तारेवर खरखर येते, जी रॉकमध्ये शोभते, संथ गीतात खुपते. संथ लयीत प्रत्येक आघात खालच्या दिशेने केल्यास सगळे सारख्या वजनाचे पडतात. लय वाढली की खाली-वर वाजवावेच लागते, आणि वरचा आघात खालच्याइतका भरेपर्यंत मेट्रोनोम (लयीचे ठोके देणारे यंत्र) संथच ठेवावा.